मारकडांच्या बेसचं धड

रविवार, ८ जानेवारी १९९५. सकाळी सव्वानऊ वाजता इंदापूरच्या मानसिंग मारकड यांनी आपली बेस गिटार बारामतीच्या नागेश खलाटे याच्या ताब्यात दिली. गिटार चार तारांची, रंगानं लाल, गोणपाटात गुंडाळलेली. पावती झाली नाही. साक्षीदार म्हणून शेजारचे अप्पा हजर होते, पण ते त्या वेळी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते, त्यामुळे त्यांची साक्ष एका गालापुरतीच धरावी लागेल.

नागेश भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होता. सोमवार ते शनिवार लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि रविवारी बेस गिटारी, असा त्याचा आठवडा. जुनी बेस गिटार ओळखायची, तिचं साल काढायचं, मोडलेली असली तर पूर्वी होती तशी करायची आणि जमलंच तर जुन्या घडणीची नवी बनवायची, हा त्याचा छंद. बारामतीत या छंदाची माणसं एकूण एक होती. पुण्याच्या फूटपाथवरून आणलेल्या परदेशी मासिकांतली चित्रं कापून त्यानं एका वहीत चिकटवली होती. कुठल्या सालच्या गिटारीच्या डोक्याचा काठ कसा वळतो, मानेच्या मागच्या पट्टीवर किती अंकी नंबर असतो, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगे. वाजवता मात्र त्याला येत नव्हती. कुणी तसं विचारलं की तो म्हणे, "जनावरांचा डॉक्टर काय दूध देतो का?" यावर विषय तिथं थांबे.

मानसिंगराव छप्पन्न वर्षांचे, अंगानं वाळलेले. चार वाक्यांनंतर एकदा थांबून श्वास घ्यायचे. इंदापूरच्या एका बँड पथकात चोवीस वर्षं त्यांनी ही बेस वाजवली होती.

"सायेब, घरघर करतीया," ते म्हणाले. "आन् दोन चाव्या फिरत न्हाईत. एवढंच बघा. चौदा मेला वैष्णवीचं लगीन हाय. चोवीस वर्सं दुसऱ्याच्या मांडवात वाजवली. आता एकदा आपल्या मांडवात वाजवायची, मग ठिवली खाली तरी चालंल."

"मुलगी तुमची, आणि तुम्हीच वाजवणार?"

"मग दुसऱ्याला सुपारी देऊ व्हय?"

काम एका दुपारचं होतं. एक सुटलेली वायर डाग देऊन जोडायची आणि तारा ताणायच्या दोन चाव्यांना तेल. हे नागेशला त्याच वेळी कळलं होतं. पुढे कुणी हा मुद्दा काढला की तो चष्मा पुसायला लागायचा.

त्यानं गिटारीच्या मानेचे चार स्क्रू काढले. त्याची काही गरज नव्हती. पण मानेच्या आतल्या टोकावर, जिथं ती धडात बसते तिथं, कारखान्यातला कारागीर पेन्सिलीनं तारीख टाकतो, असं मासिकात वाचल्यापासून दिसेल ती मान काढून बघायची त्याला सवय लागली होती. आजवर त्या जागी त्याला गोंद, धूळ आणि एकदा झुरळ एवढंच सापडलं होतं. या वेळी पेन्सिल सापडली. महिना नोव्हेंबर, साल पासष्ट, अक्षर इंग्रजी आणि गिचमिड, म्हणजे अमेरिकन कारखान्यातलं.

"लीला!" त्यानं बायकोला हाक मारली. "हे बघ. पासष्ट सालची आहे!"

"मीपण," लीला आतून म्हणाली. "माझ्याकडं बघा कधी."

त्या आठवड्यात नागेशनं गिटार शेवटच्या स्क्रूपर्यंत उकलली. एकूण त्रेचाळीस तुकडे निघाले. बारीक स्क्रू सांडू नयेत म्हणून ते मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांत ठेवले, मोहरीच्या शेजारी. त्यातला एक गुरुवारी आमटीत निघाला. तो मूळचा अमेरिकन स्क्रू होता, त्यामुळे नागेशला आनंद झाला. ज्या पाहुण्याच्या दाताखाली तो आला, त्याला हा आनंद पटवून देता आला नाही.

मग रंग. मूळचा रंग बघितल्याशिवाय साल पक्कं होत नाही. म्हणून थिनर, जुनी ब्लेडं आणि लीलाचा एक चांगला टॉवेल घेऊन नागेश धड खरवडायला बसला. वर लाल होता, जीपला देतात तो. त्याखाली चंदेरी, त्याखाली हिरवा, मग पांढरा, मग पुन्हा लाल. बँडवाले दर तीन-चार हंगामांनी भोंग्यांच्या गाड्याला रंग देतात, त्यात गिटारही रंगून निघते. थिनरच्या वासानं गल्लीतल्या दोघींचं डोकं दुखलं आणि अप्पांना भिंतीवरून डोकावायला कारण मिळालं. अप्पा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि सल्ला देण्यातून अजून झाले नव्हते.

"नागेशराव, रंग काढू नका," ते म्हणाले. "आमी एकदा चारीचं दार खरवडलं हुतं. नंतर कळलं, ते रंगानंच धरलं हुतं."

पाचव्या थराखाली लाकूड लागलं. सागवान, देशी, दोन फळ्या जोडलेलं. आणि एका कडेला लांबी-पुट्टीनं बुजवलेलं भोक, त्याभोवती अर्धगोल घासलेला चर. अमेरिकन गिटारीत या जागी भोक कशासाठी, यावर नागेशनं तीन दिवस घालवले. पट्टा अडकवायला असेल, हे पहिलं अनुमान. दुसरं अनुमान जास्त विद्वत्तेचं होतं, त्यात आवाजाच्या लहरी होत्या. चौथ्या दिवशी अप्पांनी भिंतीवरून पाहिलं आणि म्हणाले, "कडीचं भोक हाय. दार हाय ते."

"अप्पा, ही गिटार आहे."

"आसंल की. आधी दार हुतं."

निदान बरोबर होतं. मान अमेरिकेची, धड इंदापूरचं. नागेशला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. ती कुणी केली हे सांगता आलं नसतं, कारण मानसिंगरावांनी अमेरिकेचं नावही काढलं नव्हतं. त्यांना फक्त घरघर घालवायची होती. पण पासष्ट सालच्या मानेला दाराच्या फळीवर बसवणं हा त्या मानेचा अपमान आहे, असं नागेशनं ठरवलं आणि मासिकातल्या मापाचं नवं, योग्य धड घडवायचं नक्की केलं. जमीन मोजायची तर शेजाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. त्यानं आयुष्यात कधी नोटिशीशिवाय मोजणीची साखळी टाकली नव्हती. गिटारीच्या बाबतीत तसा नियम नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी. घरात लीलाच्या माहेरची सहा माणसं आलेली. आंघोळीच्या बंबाला जळण संपलेलं. लीलानं न्हाणीशेजारी भिंतीला टेकवलेलं धड उचललं.

"हा पाट कशाला ठेवलाय?"

"खोटा आहे तो," नागेश म्हणाला. "टाक जळणात."

ते अख्खं बंबाच्या तोंडात जाईना. तेव्हा नागेशनंच करवत घेऊन त्याचे तीन तुकडे करून दिले. वेळ सात चाळीस. त्या दिवशी पाणी चांगलं तापलं होतं आणि शेवटच्या माणसापर्यंत पुरलं, हे त्याच्या अजून लक्षात आहे.

पुढच्याच रविवारी, ५ मार्चला, मानसिंगराव इंदापूरच्या गाडीनं आले. बरोबर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. ओट्यावर बसून त्यांनी आधी श्वास गोळा केला.

"झाली का?"

"चालू आहे काम."

"चालू द्या. एक सांगायचं ऱ्हायलं हुतं, म्हनून आलो. चाव्या बदला, तारा बदला, मान बदलली तरी माजं काय म्हननं न्हाय. पन धडाला हात लावू नका. पयलं धड इक्याहत्तर सालीच गेलं. टेंभुर्णीच्या वरातीत जीप उलटली, त्यात भुगा झाला त्येचा. हे धड आमच्या दाराचं हाय."

नागेशनं शेंग फोडली आणि खाल्ली नाही.

"आमी मेंढरामागची मानसं. आज्यापतुर कुनाला घर न्हवतं, तर दार कुठलं आसायला? बानं इंदापुरात दोन खनाचं बांधलं, तवा हे दार बसवलं. आमच्या घरान्यातलं पयलं. आई दिवसातनं चार येळा कडी लावायची आन् काढायची. चोर कुठला यतोय! हौस, दुसरं काय. पुढं लोखंडी दार बसवलं, तवा म्या सुताराला म्हनलं, ह्याचीच गिटार कर." ते थांबले. मग हसले. "सगळ्या तालुक्याच्या वराती आमच्या दारावरनं गेल्या म्हना की. जपून काम करा, एवढंच."

"हो," नागेश म्हणाला.

हा 'हो' दहा वाजून पाच मिनिटांचा. ओट्यावर तेव्हा दोघंच होते. खरं सांगायला तीन वेळा तोंड उघडलं, असं नागेश म्हणतो. तिन्ही वेळा शेंग आत गेली.

आता प्रकरण उलटं फिरलं. आजवर खोट्याला नाक मुरडणाऱ्या माणसाला त्या खोट्या धडाची हुबेहूब नक्कल करणं भाग होतं. सुदैवानं त्यानं जाळण्यापूर्वी ते अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजलं होतं आणि ट्रेसिंग कापडावर त्याचा काठही उतरवला होता. फक्त जुनं सागवान पाहिजे होतं. कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका शेतकऱ्यानं गोठा पाडला होता आणि त्याचं जुनं सागवानी दार पडून होतं, असं कळलं. नागेशनं ते पाहिलं, टिचकी मारून ऐकलं, मिळवलं आणि ओळखीच्या टेम्पोत टाकून निघाला. वाटेत वनखात्याच्या माणसानं टेम्पो थांबवला.

"सागवान हाय. पास?"

"जुनं दार आहे हो."

"दार हाय तर घर कुठंय?"

नागेशला या प्रश्नाचं सरकारी उत्तर देता आलं नाही. दार जमा झालं. स्वतः सरकारी माणूस असून त्यानं आतापर्यंत टेबलाची एकच बाजू पाहिली होती. आता दुसरी बाजू दिसली, ती जास्त उंच असते. वाहतूक परवान्याच्या अर्जात लाकडाचा उपयोग लिहायला तीन रकाने होते: घरबांधणी, शेती अवजारे, जळण.

"वाद्यासाठी पाहिजे," नागेश म्हणाला.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "वाद्य लिहिलं तर कागद साहेबांकडं जाणार. साहेब तो पुण्याला पाठवणार, आणि पुण्यात वाद्यावर कोण सही करणार? तुम्ही जळण लिहा. आत्ता सही करून देतो."

"जळण लिहिणार नाही."

"अहो, लिहायचंच आहे फक्त. जाळायला कोण सांगतंय?"

"दुसरं काहीही लिहितो."

कारकुनाला वाटलं माणूस तत्त्वाचा आहे. चहा सांगावा की हाकलून द्यावं हे त्याला ठरवता आलं नाही. शेवटी शेती अवजारे लिहिलं. मग अवजाराचा नकाशा लागला. नागेशनं गिटारीचा काढला, तो स्केलप्रमाणे आणि उत्तर दिशेच्या बाणासह. अवजार कुठल्या पिकाला लागतं, अशी विचारणा आली. मग तलाठ्याचा दाखला, की गोठा होता. मग सरपंचाचा, की आता नाही. पाच आठवडे गेले. एक शब्द लिहिला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं, हे लीलानं रोज सांगितलं. तो शब्द नवऱ्याला का लिहिता येत नाही हे तिला माहीत नव्हतं. जळलेला पाट तिच्या लेखी पाटच होता.

१७ एप्रिलला दार घरी आलं. कार्यालयात रजा टाकून नागेशनं फळ्या जोडल्या, ट्रेसिंग कापड पसरलं, काठ उतरवला, करवतला, तासला, खोबण्या पाडल्या. लाकूड जुन्यासारखंच जड आणि कोरडं होतं. काम उत्तम झालं. ७ मे रोजी दुपारी त्यानं पासष्ट सालची मान खोबणीत बसवली आणि गिटार छातीशी धरली. मान उजव्या हातात आली.

ट्रेसिंग कापड उलटं पडलं होतं. वीस दिवस राबून त्यानं डावखुऱ्या माणसाची गिटार घडवली होती. याच चुकीसाठी दोन वर्षांपूर्वी त्यानं आपल्या हाताखालच्या माणसाला लेखी समज दिली होती आणि त्या पत्रातले 'अक्षम्य हलगर्जीपणा' हे शब्द स्वतः निवडले होते.

"काही बिघडत न्हाय," अप्पा भिंतीवरून म्हणाले. "मारकडांना सांगा, उलटी धरा."

लग्न सात दिवसांवर होतं.

१४ मेला इंदापुरात लग्न झालं. नागेश आहेराचं पाकीट घेऊन गेला आणि मांडवाच्या लांबच्या टोकाला बसला. मानसिंगरावांनी त्याला तिथंही शोधून काढलं. नवा फेटा, हातात पानसुपारीचं तबक.

"न्हाई झाली न्हवं?"

"थोडं राहिलंय. रंग वाळत नाही."

"घाई करू नका. चांगलं काम हुतंय तर हू द्या. तुळशीच्या लग्नात वाजवू." आणि त्यांनी त्याला पेढा दिला.

वरात निघाली तेव्हा बँडमध्ये बेस नव्हती. मानसिंगराव गाड्याशेजारून चालत होते आणि उजव्या हाताची दोन बोटं पँटीवर आपटत होती, ठेक्यात. चौकापर्यंत गेल्यावर श्वास पुरेना, तेव्हा धाकट्या भावानं, बिरदेवनं, त्यांना पानपट्टीच्या बाकावर बसवलं. वरात पुढे गेली. बोटं बाकावर चालूच होती.

दुसरं धड शिवणीच्या लाकडाचं केलं. सागवान उरलं नव्हतं आणि परवान्याची हिंमतही. शिवण वखारीत बिनबोभाट मिळाली. या वेळी कापड चार वेळा पालथं-उलथं करून पाहिलं, वर खुणेला बाण काढले. ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये जीपचा लाल रंग मारून घेतला. जुन्यासारखे टवके उडवायला नागेशनं सायकलच्या साखळीचे फटके मारले. ते बघून गॅरेजवाल्यानं पुढचं काम घेण्याआधी विचार करीन असं सांगितलं.

सोमवार, १९ जून, सकाळी सहा दहा. मानसिंग मारकड यांचं इंदापुरात राहत्या घरी श्वासाच्या विकारानं निधन झालं. नागेशला दुपारी कार्यालयात कळलं. गिटारीच्या तारा चढवायच्या राहिल्या होत्या. त्या त्यानं रविवारी, २५ तारखेला चढवल्या. घरघर पूर्ण गेली होती. दोन्ही चाव्या लोण्यासारख्या फिरत होत्या.

दशक्रिया विधी बुधवारी, २८ जूनला नरसिंहपूरला नीरा-भीमेच्या संगमावर होता. नागेश गिटार घेऊन गेला. ती जयवंताबाईंच्या, म्हणजे मानसिंगरावांच्या पत्नीच्या, हाती द्यायची आणि परत यायचं, एवढाच विचार. आभाळ भरून आलेलं, वारा बंद. साडेनऊपासून श्रद्धांजलीची भाषणं झाली. पाच वक्त्यांपैकी तिघांनी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. दूध संस्थेच्या चेअरमननी ती कधीही भरून न येणारी असल्याची भर घातली. अकरा वीसला पिंड ठेवला आणि माणसं मागे सरली. समोरच्या बाभळीवर पंधरा-वीस कावळे होते. एकही उतरला नाही.

पावणेबारा वाजले. मग बिरदेव पुढे झाला आणि हात जोडले. "दादा, बँड मी चालवीन. बंद पडू देनार न्हाय."

कावळे होते तिथंच.

"वैष्णवीला दिवाळीला आनीन. दरसाल आनीन."

काही नाही.

"दारूचं म्हन," मागून एक मावशी म्हणाली.

"आता तिचं काय मधीच?"

"म्हन मुकाट्यानं. त्यातच आडकला आसंल त्येचा जीव."

"सोडली!" बिरदेव बाभळीकडं बघून ओरडला. एका कावळ्यानं मान वाकडी करून त्याच्याकडं पाहिलं, पण विश्वास बसला नसावा.

साडेबाराला जयवंताबाई उठल्या. "कशाला उगं आनाभाका घेताय," त्या म्हणाल्या. "त्येंचा जीव बेसमधी हाय. जायच्या आदल्या दिशीबी इचारत हुते, बारामतीचा निरोप आला का."

सगळ्या माना वळल्या. नागेश गोणपाटातलं ओझं छातीशी धरून उभा होता. त्याच्या हातून ते घेतलं गेलं, सोडलं गेलं आणि लाल गिटार पिंडापासून हातभर अंतरावर दगडाला टेकवली गेली. लोक पुन्हा मागे सरले. कावळे आले नाहीत.

"वाजवा की," कुणीतरी म्हणालं. "नुसती बघून काय कळनार?"

विजेची बेस नुसती वाजवली तर डासाएवढी ऐकू येते. बँडच्या जीपमध्ये भोंगा, बॅटरी आणि ॲम्प्लिफायर होता. तो उतरवला, वायर जोडली आणि मग लक्षात आलं की पथकात बेस वाजवणारा एकच माणूस होता आणि हा दहावा त्याचाच होता.

"सायेब, तुमी वाजवा," बिरदेव म्हणाला.

"मला वाजवता येत नाही."

"आसं कसं? सहा म्हैने तुमच्याकडं हुती!"

जनावरांच्या डॉक्टरचं उत्तर इथं देण्यासारखं नव्हतं. दीडशे माणसं बघत होती. नागेशनं गिटार उचलली आणि अंगठ्यानं सगळ्यात जाड तार एकदा ओढली.

आवाज मोठा निघाला आणि अगदी स्वच्छ. पलीकडच्या काठावर म्हशी उठून उभ्या राहिल्या. बाभळीवरचे कावळे एकदम उडाले आणि नदी ओलांडून गेले. सगळे. झाडावर एक पीसही राहिलं नाही.

"झालं समाधान?" मावशी म्हणाली.

भटजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिवतो. शास्त्राला चालतं. एक वाजता माझं दुसरं आहे."

"गवताचा न्हाय," जयवंताबाई म्हणाल्या. "खराच पायजे. मी हितं बसते."

त्या बसल्या. मग बाकीचे हळूहळू घाटाच्या पायऱ्यांकडे गेले, बॅटरीसाठी चालू ठेवलेलं जीपचं इंजिन बंद झालं, चेअरमन चहाला गेले. बारा पंचावन्नला नागेश चप्पल काढून पिंडाजवळ गेला आणि उकिडवा बसला. तिथं तो हळू आवाजात बोलला. त्याच्याच सांगण्यानुसार वाक्यं पाच होती: मानसिंगराव, हे तुमचं दार नाही. तुमचं मी जाळलं. सव्वीस फेब्रुवारीला, सकाळी सात चाळीसला. करवतलंही मीच. तुम्ही पेढा दिलात तेव्हा मला माहीत होतं.

तो उठून मागे आला. एक वाजून सात मिनिटांनी पलीकडच्या काठावरून एक कावळा आला, दगडावर बसला, दोन उड्या मारल्या आणि पिंडाला शिवला. तोपर्यंत गर्दी पांगली होती, इंजिनही थांबलं होतं, तेव्हा तो एरवीही आला असता. पण जमलेल्या लोकांनी ती कारणं विचारात घेतली नाहीत.

"सायेब, काय बोललात?" बिरदेव धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमी घसा फोडला. तुमी काय म्हनलात?"

नागेशनं जयवंताबाईंकडे पाहिलं. त्या पदर सावरून उठत होत्या.

"गिटार घरी पोचली, असं सांगितलं," तो म्हणाला.

चेअरमन चहावरून परतले होते. त्यांना प्रसंग सोडवेना. बारामतीच्या खलाटे साहेबांनी स्वतःची नोकरी सांभाळून, एका कलावंताची वस्तू पोटच्या पोरासारखी जपली, अशी माणसं आज तालुक्यात किती आहेत, असा सवाल त्यांनी केला. दुखवट्यात टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून लोकांनी माना हलवल्या. नागेश भाषणभर स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघत राहिला.

लोक जेवायला उठले तेव्हा जयवंताबाईंनी गिटार दोन हातांवर घेतली. घेतली आणि तशीच धरून राहिल्या.

"हलकी लागतीया," त्या म्हणाल्या.

नागेश चष्मा पुसायला लागला.

"दम लागाय लागल्यापासनं मीच न्यायची घरापासनं गाड्यापतुर. तीन वर्सं. खांदा धरायचा."

"वाळतं ना लाकूड," नागेश म्हणाला. "वाळलं की कमी होतं."

त्यांनी गिटार पालथी केली. पाठीवरून तळवा फिरवला, वरून खाली आणि पुन्हा वर. सायकलच्या साखळीचे टवके बोटांनी चाचपले. मग म्हणाल्या, "व्हय." गोणपाट पसरून त्यांनी ती नीट गुंडाळली, दोरी बांधली आणि जीपकडे गेल्या. नागेश न जेवता परतला.

गुरुवार, १३ जुलै. संध्याकाळी साडेपाचला इंदापूर-बारामती गाडीचा कंडक्टर ड्युटी संपवून घराकडे जाताना नागेशच्या ओट्याशी थांबला.

"मारकडांच्या जयवंताबाईंचा निरोप हाय. म्हनल्या, ऱ्हायलेलं सामान घिऊन या."

"कसलं सामान?"

"म्या बी इचारलं. म्हनल्या, त्येंना ठावं हाय."

"रागावल्या होत्या का?"

"न्हाय वो. च्या पाजला."

"कुठलं सामान राहिलं त्यांचं?" लीलानं आतून विचारलं. मिसळणाचा डबा तिनं त्याच संध्याकाळी वाटीन् वाटी तपासला. स्क्रू सापडला नाही. नागेशनं तिला विचारलं, बंबाची राख कुठं जाते. "भांड्यांना," ती म्हणाली. "का?" त्यानं फेब्रुवारीतली उरली असेल का, असं विचारलं. मग तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "तो पाट त्यांचा होता?"

आज शनिवार, २२ जुलै. निरोपाला उत्तर गेलेलं नाही. नागेशनं सोमवारच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवला आहे. नाव, हुद्दा, तारीख भरून झालं आहे. 'कारण' या शब्दापुढे दुपारी दोनपर्यंत काही लिहिलेलं नव्हतं.